फोनवरचा कान

जळगावला लागून असलेल्या असोद्यासारख्या गावात कुणाला ताप आला तर गल्लीभर विचारपूस होते. मुलाला स्किझोफ्रेनिया झाला तर मात्र घराचे दार लोटले जाते. अशा घरात रात्र जागवणाऱ्या आईने बोलावे कुणाशी?

ही अडचण खानदेशच्याच एका माणसाने जवळून पाहिली. धुळ्याचे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवीत. त्यांच्या पत्नीला हा आजार होता. पुण्याची 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' त्यांच्या पुढाकाराने उभी राहिली आणि २००४ साली 'देवराई' हा चित्रपटही आला.

घरच्यांना आधार देणे ही नुसती दया नव्हे. लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन यांनी रुग्णालयातून घरी परतलेल्या रुग्णांचा पाठपुरावा केला. जेथे सतत टोचून बोलणे, राग किंवा अतिकाळजी होती, तेथे आजार उलटण्याचे प्रमाण जास्त आढळले. घरच्यांमुळे आजार होतो, असा याचा अर्थ मुळीच नाही. त्या गैरसमजाने आयांना फार छळले आहे. थकलेला माणूस चिडतो आणि त्याचा ताण रुग्णावर येतो, इतकेच.

पण चेहरा न दिसता फोनवर आधार कसा मिळणार? साधा दूरध्वनी सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच कंप्रता वाहून नेई. पुरुषाच्या आवाजाची मूळ कंप्रता १०० ते १५० आणि स्त्रीची २०० हर्ट्झच्या आसपास असते. म्हणजे मूळ स्वर तारेतून येतच नसे! वरच्या पटींतील स्वरांवरून मेंदू तो जुळवून घेतो. म्हणून आवाजातला कंप, अडखळणे, लांबलेला हुंदका पलीकडे पोचतो.

१० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, अहोरात्र चालतो, मराठीतही बोलता येते. रुग्णाची काळजी घेणारेही तो लावू शकतात. सुरुवात बहुधा गोळ्यांच्या चौकशीने होते; 'मलाच झोप नाही' हे मागाहून निघते. समुपदेशक घाई करीत नाही. रुग्णाला ऐकू येणाऱ्या आवाजांवरून त्याच्याशी वाद कसा टाळावा, काळजीची पाळी कशी वाटून घ्यावी, हे तो सांगतो. गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञाशी जोडून देतो.

दोन खोल्यांच्या घरात मात्र बोलायला आडोसा नसतो, आणि आपल्याविषयीच कुजबुज चालली आहे असा रुग्णाला संशय येतो. त्यासाठी शेताचा बांध बरा. जिवाला धोका दिसला तर फोनवर न थांबता रुग्णालयच गाठावे लागते.