दत्तक, औरस आणि नागपूरची गादी

वैनगंगेकाठचे गोसीखुर्द आज धरणामुळे महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण गोसीखुर्द, पवनी, भंडारा हा सगळा मुलूख एके काळी नागपूरकर भोसल्यांचा होता, आणि तो अखेर त्यांच्या हातून गेला तो रणांगणावर नव्हे, वारसाच्या प्रश्नावर. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी वारले. पोटी मुलगा नव्हता, हयातीत दत्तकही घेतलेला नव्हता. पुढच्याच वर्षी गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्य खालसा केले. शाळेत आपण याचे कारण साम्राज्याची हाव असे शिकलो, आणि ते खोटे नाही. पण हावेलाही नियमाचा आधार लागतो. इंग्रजांच्या खानदानी किताबांचा वारसा ज्या रीतीने चालतो, त्याच रीतीचा विचार इथे गादीला लावला गेला, आणि तोही सोयीपुरता, असे माझे म्हणणे आहे.

इंग्लंडात लॉर्ड किंवा बॅरोनेट ही पदवी कोणाकडे जायची ते राजाच्या सनदेतच लिहिलेले असते: बहुतेक वेळा पदवीधारकाच्या औरस पुरुष वंशजांकडे. थोरला मुलगा, मग त्याचा मुलगा. ती शाखा खुंटली तर धाकट्याची पाळी. मुलीला वाटा फार थोड्या किताबांत. आपल्या ओळखीच्या माउंटबॅटनची पदवी १९७९मध्ये थोरल्या मुलीकडे गेली, कारण सनदेत तशी खास तरतूद होती. दत्तक मुलाला मात्र कुठेच जागा नाही. २००४मध्ये दत्तकांना लॉर्डाच्या मुलांसारखी बिरुदे लावायची मुभा मिळाली. वारसाहक्क तरीही नाहीच. वंश संपला की किताब संपला. मुंबईचे जमशेटजी जीजीभाई १८५७मध्ये बॅरोनेट झाले. त्यानंतर १८६०मध्ये खास कायदा करून ठरले, की पदवीवर येणाऱ्या प्रत्येक वारसाने जमशेटजी जीजीभाई हेच नाव घ्यायचे. माणूस बदलला तरी पाटी तीच! किताब ही देणाऱ्याची वस्तू असते, हे यातून पुरते दिसते.

नागपूरची गादी अशी कोणाच्या सनदेतल्या वंशावळीवर चालली नव्हती. पहिल्या रघूजींचे पुत्र जानोजी निपुत्रिक होते. त्यांनी भाऊ मुधोजी यांच्या मुलाला, म्हणजे दुसऱ्या रघूजींना, दत्तक घेतले. १७७२मध्ये जानोजी गेले तेव्हा भांडण पेटले ते मुधोजी आणि साबाजी या भावांत, बाल राजाचा कारभार कोणी पाहायचा यावरून. १७७५मध्ये पाचगावच्या लढाईत साबाजी मारले गेले. त्याहून बोलकी गोष्ट १८१८ची. तेव्हाचे राजे आप्पासाहेब यांना पदच्युत केल्यावर इंग्रजांनीच दुसऱ्या रघूजींच्या मुलीचा मुलगा बाजीबा याला गादीवर बसवले. दुसऱ्या रघूजींचे पुत्र परसोजी यांच्या विधवेने, दुर्गाबाईंनी, त्याला दत्तक घेतले आणि तो तिसरा रघूजी झाला. म्हणजे मुलीकडचे रक्त आणि विधवेने घेतलेला दत्तक, या दोन्ही गोष्टी तेव्हा चालल्या. रेसिडेंट जेंकिन्सने त्याच राजाच्या नावाने अनेक वर्षे कारभार हाकला.

यावर डलहौसीची बाजू अगदीच पोकळ नव्हती, हे मान्य करायला हवे. त्याचे म्हणणे, १८१८मध्ये राज्य आम्ही जिंकले आणि आम्हीच दिले. देणगी घेणाऱ्याचा वंश संपला, देणगी परत आली. खासगी मालमत्तेला आणि पिंडदानाला दत्तक चालेल, राज्याला आमची मंजुरी हवी. शिवाय राजाने हयातीत दत्तक घेतलाच नाही. पण शेवटचा मुद्दा इथल्या धर्मशास्त्रापुढे टिकत नाही: महाराष्ट्रात विधवेला पतीच्या स्पष्ट आज्ञेशिवायही दत्तक घेता येत असे, आणि दुर्गाबाईंच्या वेळी ते चालवून घेतलेले होते. देणगीचा युक्तिवाद अधिक चलाख आहे. तो मान्य केला, तर राज्य खरोखरच किताबासारखे होते, सरकारने दिलेले आणि सरकारकडे परतणारे. पण तिसऱ्या रघूजींशी १८२६मध्ये करार झाला तो एका राजाशी, आणि करार म्हणजे बक्षीसपत्र नव्हे. डलहौसीच्याच कौन्सिलातला जॉन लो या खालशाच्या विरोधात होता.

नियम लागू होताना तो कसा दिसला, तेही पाहावे. राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर विकायला काढले, जडजवाहीर कलकत्त्याला गेले. राजवाड्यातले सामान हलवाल तर वाड्याला आग लावीन, असे दुसऱ्या रघूजींच्या वृद्ध विधवा बांकाबाई यांनी बजावल्याचे इंग्रज इतिहासकार के यानेच लिहून ठेवले आहे. राण्यांनी यशवंतराव या नातलगाला दत्तक घेऊन जानोजी नाव दिले, पण राजा म्हणून इंग्रजांनी त्याला मानले नाही.

आणखी एक आक्षेप वैनगंगेच्या काठावरून येईल: राजा भोसले असो की कंपनी, कुणब्याला काय फरक पडला? शेतसारा दोघांनाही द्यावाच लागे, हे खरे. म्हणून मी भोसल्यांच्या कारभाराची वकिली करत नाही. प्रश्न इतकाच, की वारसाचा नियम एक होता की दोन. याचे उत्तर १८५७चा उठाव आणि त्यानंतरच्या घडामोडींत आहे. उठावाच्या धामधुमीत बांकाबाई इंग्रजांच्या बाजूने राहिल्या. १८६१मध्ये त्याच दत्तक जानोजींना साताऱ्याकडचे देऊर गाव आणि ‘राजे बहादूर’ हा किताब मिळाला. त्याच वर्षी नागपूरचा मुलूख मध्य प्रांतात घातला गेला आणि भंडारा त्याचा एक जिल्हा झाला. पाठोपाठ १८६२मध्ये व्हाइसरॉय कॅनिंगने उरलेल्या संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा वाटल्या. नागपूरचे राज्य तोवर उरले नव्हते, त्यामुळे भोसल्यांना सनद देण्याचा प्रश्नच आला नाही.