वजन उतरलं म्हणून गोळी सोडू नका

"अहो, सहा किलो उतरवले, रक्त पातळ झालंय आता. ती गोळी कशाला घ्यायची?" अमरगोळच्या मार्केट यार्डात, नवनगरच्या बसथांब्यावर, हुबळीतल्या लग्नाच्या पंगतीत हे इतक्यांदा ऐकलंय की आता गप्प बसवत नाही. पायाच्या शिरेत गुठळी झालेला माणूस महिनाभर रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतो, सूज ओसरते, भात सुटतो, काटा खाली येतो. मग सकाळी उपाशीपोटी लसूण-लिंबाचं पाणी सुरू आणि गोळी बंद. हा प्रकार जिवावर बेततो.

आधी वजनाचा आणि गुठळीचा संबंध पाहू. पोटातली चरबी स्वस्थ बसत नाही, ती रक्तात रसायनं सोडत असते. झालेली गुठळी विरघळवण्याची सोय शरीरात असते. चरबीतून येणारं पीएआय-१ हे प्रथिन त्या सोयीलाच खीळ घालतं. फायब्रिनोजेनही वाढतं, म्हणजे गुठळीचं जाळं विणायला कच्चा माल जास्त. सुटलेलं पोट पायांकडून वर येणाऱ्या शिरांवर दाब देतं. त्यात आडत दुकानाच्या गादीवर सकाळपासून मांडी घालून बसणं: पोटरीचे स्नायू हललेच नाहीत तर पायातलं रक्त वर ढकलणार कोण? त्याच यार्डात पोती वाहणाऱ्या हमालाच्या पोटऱ्या हे काम दिवसभर करत असतात. २००८ साली 'सर्क्युलेशन' या वैद्यकीय नियतकालिकात अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. लठ्ठ माणसांत शिरांतल्या गुठळीचा धोका सुमारे २.३ पट निघाला.

वजन उतरलं की पीएआय-१ उतरतं, हे खरं. म्हणून वजन उतरवाच. पण आधीच झालेली गुठळी त्यानं विरघळत नाही! गोळी ती वाढू देत नाही, नवी होऊ देत नाही, आणि तेवढ्या अवधीत शरीर आपल्या गतीनं ती साफ करतं. हा उपचार किमान तीन महिन्यांचा, काहींना कायमचा. मध्येच सोडला तर गुठळी पुन्हा वाढते, तिचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकू शकतो. लसूण गोळीची जागा घेत नाही. उलट वॉरफरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीच्या जोडीला लसणाच्या कॅप्सूल घेतल्या तर रक्तस्रावाची भीती.

झटपट वजन उतरवण्याच्या नादात पाणीही तोडणारे भेटतात. शरीर कोरडं पडलं की गुठळीला वाट मिळते. वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतरही पहिला महिना जोखमीचा असतो. बऱ्याच गुठळ्या घरी गेल्यावर होतात, म्हणून काहींना घरीही गुठळी रोखणारी इंजेक्शनं चालू ठेवायला सांगतात.

बाकीचे समज थोडक्यात. "कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे": शिरेतल्या गुठळीबद्दल तो रिपोर्ट काही सांगत नाही. "हे जाड्या माणसांचं दुखणं": टेनिसपटू सेरेना विल्यम्सला २०११ मध्ये फुप्फुसात गुठळी झाली होती. "विमानातच होतं": जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये सांगितलं, चार तासांहून जास्त वेळ बसून केलेल्या कुठल्याही प्रवासानं धोका साधारण दुप्पट होतो; पुण्याची रात्रीची बस त्यात आली. आणि गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्या लठ्ठ बाईत धोका कित्येक पटींनी चढतो, तेव्हा ती लिहून घेताना आपलं वजन डॉक्टरांना सांगाच.

एकाच पायाला सूज आली तर तेल लावून चोळू नका. शिंप्याची टेप घ्या, गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून दहा सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्या मोजा. तीन सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) करावा लागेल का ते विचारा. फरक कमी निघाला तरी पोटरी दुखत असेल, लाल-गरम असेल, तर जाच. अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत कळ आली, थुंकीत रक्त दिसलं, तर टेप शोधत बसायचं नाही, १०८ ला फोन करायचा.