चवड, चळत आणि साडेतीन शहाणे

भाकऱ्यांची चवड, नाण्यांची चळत, पोत्यांची थप्पी. तिन्हीकडे काम एकच, एकावर एक रचायचं. पण मराठीने प्रत्येक ढिगाला स्वतंत्र नाव दिलं. शिष्यवृत्ती परीक्षेच्या गाइडमध्ये या समूहदर्शक शब्दांची यादी असते आणि मुलं ती पाढ्यांसारखी घोकतात. दोन गुणांपुरती. आमचं मत विचाराल तर या यादीइतकी गमतीची पानं अख्ख्या गाइडमध्ये दुसरी नाहीत.

आता हेच बघा. बांबूंचं बेट असतं, आणि आसपास पाण्याचा थेंबही नसतो. आंब्यांची अढी म्हणजे नुसता ढीग नव्हे. गवतात किंवा पेंढ्यात थर लावून पिकायला ठेवलेले आंबे, तीच अढी. मनातल्या अढीत मात्र काही पिकत नाही. करवंदांची जाळी, पक्ष्यांचा थवा, उंटांचा तांडा, पालेभाजीची जुडी... आणि किल्ल्यांचा जुडगा! हा जुडगा चाव्यांचा बरं का, रायगड-तोरण्याचा नव्हे. किल्ली असो की किल्ला, अनेकवचनाला ‘चा’ लागला की दोघांचंही ‘किल्ल्यांचा’च होतं. एकाने दुसऱ्याचं दार उघडायचं, एवढं नातं त्यांना पुरतं.

गणिताच्या पुस्तकातही भाषेच्या गमती कमी नाहीत. मजूर वाढले की दिवस कमी लागतात, ते व्यस्त प्रमाण. व्यस्त म्हणजे उलटं. हिंदीत मात्र व्यस्त म्हणजे कामात गढलेला. त्यामुळे हिंदी मालिका बघून कुणी ‘मी सध्या फार व्यस्त आहे’ म्हणालं, तर जुन्या वळणाच्या मराठी कानाला तो माणूस शीर्षासन करतोय असं वाटतं. हिंदीतली शिक्षा म्हणजे शिक्षण, आपली शिक्षा म्हणजे छडी. तिकडे चेष्टा करतात म्हणजे प्रयत्न करतात. इकडे चेष्टा केली तर मधल्या सुट्टीत मारामारी होते. पाचवीपासून हिंदीचा तास असलेल्या मुलांनी अशा जोड्यांची एक वही करावी. ती भराभर भरते.

आकड्यांवरून तर २०१९ साली महाराष्ट्रात चांगलाच धुरळा उडाला होता. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘सत्तावीस’च्या जोडीला ‘वीस सात’ असं वाचन आलं. कारण साधं होतं: लिहिताना दोन आधी, सात नंतर, बोलताना सात आधी, वीस नंतर, आणि वर जोडाक्षरांचा काच. वाद कुणी जिंकला ते सोडा. पण या निमित्ताने संख्यानामांकडे नीट बघितलं तर मोठ्यांनाही मजा येईल. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत नऊच्या घरातले सगळे हाच नियम पाळतात. नव्व्याण्णव तेवढा पाळत नाही. शंभराच्या दारात उभा राहूनही तो एकोणशंभर व्हायला तयार नाही.

‘साडे’चीही अशीच मिजास. साडेतीन, साडेचार, पुढे हवं तितकं जा. पण साडेएक, साडेदोन नाही. त्या जागा दीड आणि अडीच यांनी आधीच बळकावल्या आहेत. साडेतीनलाही पूर्वी स्वतःचं नाव होतं: औट. जुन्या शाळांतली मुलं पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकीबरोबर औटकीचे पाढेही म्हणत. म्हणजे आजच्या मुलाला तीसपर्यंतचे पाढे जड जातात तिथे पणजोबा अपूर्णांकांचे पाढे खडाखडा म्हणत होते. (पणजोबांना हे सांगायला फार आवडत असे.)

औट विसरला गेला, पण साडेतीनचा मान कमी झाला नाही. मुहूर्त साडेतीन, देवीची शक्तिपीठं साडेतीन आणि पेशवाईतले शहाणेही साडेतीनच. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे पूर्ण. नाना फडणवीस अर्धे. नानांची बुद्धी राजकारणात कुणाला हार जाणारी नव्हती, पण तलवार चालवण्याच्या बाबतीत बेरीज कमी पडली, असं सांगतात.

‘फडणवीस’मधला ‘नवीस’ फारसी आहे, अर्थ लिहिणारा. तोच झिजून ‘नीस’ झाला. चिटणीस पत्रं लिहिणारा, पारसनीस फारसी लिहिणारा. तेव्हा शब्दसंग्रह वाढवायला पुस्तकच उघडलं पाहिजे असं नाही, वर्गाचा हजेरीपट पुरतो. शिवाजी महाराजांनी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला; सुमारे १४०० शब्दांचा. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास प्रधानांची नावंही बदलली. डबीराचा सुमंत झाला, सुरनिसाचा सचिव, मुजुमदाराचा अमात्य आणि पेशव्याचा पंतप्रधान. लोक तरी पेशवाच म्हणत राहिले. ‘पंतप्रधान’ला रोजच्या वापरात यायला पुढे दिल्लीच्या सरकारची वाट बघावी लागली. डबीर आणि मुजुमदारही हटले नाहीत, आडनावं होऊन बाकावर येऊन बसले. मुजुमदाराकडे राज्याचा जमाखर्च असे. तुमच्या वर्गात एखादी मुजुमदार असेल, तर सहलीच्या वर्गणीचा हिशेब बिनदिक्कत तिच्याकडे द्या.