सृष्टीरक्षणासाठी जाळपोळ : ख्रिस्तसभा काय शिकवते?

8 नोव्हेंबर 2016 रोजी अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. त्याच रात्री आयोवा राज्यात तेलवाहिनीच्या कामावरील अवजड यंत्रांना आग लावण्यात आली. आग लावणाऱ्या जेसिका रेझ्निचेक आणि रूबी मोंटोया ह्या दोघी ‘कॅथलिक वर्कर’ ह्या चळवळीतील होत्या. म्हणूनच हे प्रकरण आपण भाविकांनी समजून घेणे आवश्यक आहे.

‘डकोटा ॲक्सेस’ ही सुमारे 1,900 किलोमीटर लांबीची वाहिनी नॉर्थ डकोटातील खनिज तेल इलिनॉय राज्यात नेते. गळती झाल्यास पिण्याचे पाणी दूषित होईल, ही स्टँडिंग रॉक येथील सू आदिवासींची भीती होती. ह्या दोघींनी प्रथम सह्या गोळा केल्या, सुनावण्यांना हजेरी लावली, उपोषणेही केली. तरीही काम थांबले नाही, तेव्हा त्यांनी आगीचा मार्ग धरला. मार्च 2017 पासून त्या गॅसच्या ज्योतीने वाहिनीचे व्हॉल्व्ह भेदू लागल्या. कोणालाही इजा झाली नाही. अखेर जूनमध्ये तेल वाहू लागले आणि 24 जुलै रोजी दोघींनी पत्रकारांसमोर स्वतःहून कबुली दिली. रात्रीच्या अंधारात केलेले कृत्य असे उघडपणे स्वीकारणे सोपे नव्हे.

परंतु तेवढ्याने ते कृत्य योग्य ठरते काय? अन्याय्य आज्ञा नाकारण्याचा अधिकार ख्रिस्तसभा मान्य करते. मात्र चांगल्या हेतूने वाईट साधन चांगले होत नाही, हेही कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ तितक्याच ठामपणे सांगतो. ‘यंत्राला वेदना होत नाहीत’ असा युक्तिवाद केला जातो. पण आग लावणाऱ्याच्या हातात ती राहत नाही. ती विझवण्यास धावणारा मनुष्य यंत्र नसतो.

हा वाद चळवळीला नवा नाही. 1968 साली फादर डॅनियल बेरिगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हिएतनाम युद्धासाठीच्या सैन्यभरतीची कागदपत्रे जाळली. तेव्हा ‘कॅथलिक वर्कर’च्या संस्थापिका डोरोथी डे ह्यांनी त्यांच्या धैर्याचा आदर केला, पण मालमत्तेच्या नासधुशीचा मार्ग त्यांना आपला वाटला नाही.

दुसरी बाजूही दडवून चालणार नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी 2023 सालच्या ‘लाउदाते देउम’ ह्या पत्रात म्हटले आहे की, ज्यांना जहाल म्हणून हिणवले जाते ते गट प्रत्यक्षात समाजाने रिकामी सोडलेली जागा भरून काढत असतात. हे जाळपोळीचे समर्थन नव्हे. ती आपल्या उदासीनतेची झाडाझडती आहे.

जून 2021 मध्ये रेझ्निचेक ह्यांना आठ वर्षांचा कारावास आणि सुमारे 32 लाख डॉलरची भरपाई अशी शिक्षा झाली. दहशतवादासंबंधीची वाढीव तरतूद त्यांना लावण्यात आली. रोख सरकारवर नसून खासगी कंपनीवर होता, हे बचावपक्षाचे म्हणणे होते. ही तरतूद नसती तरी आपण एवढीच शिक्षा दिली असती, असे न्यायाधीशांनी सांगितले होते. त्याच आधारावर 2022 साली अपील फेटाळले गेले. त्याच वर्षी मोंटोया ह्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली.