धंदा घेतला, आकडे खोटे निघाले: गैरसमज आणि वस्तुस्थिती

चालता धंदा घेणाऱ्याची फसगत झाली की लोक त्यालाच सुनावतात, ‘तपासून घ्यायचं होतं, आता काय उपयोग?’ हे अर्धंच खरं आहे, आणि त्या अर्ध्या सत्यापायी फसलेला माणूस दाद मागायलाही कचरतो.

1872 च्या भारतीय करार कायद्यात नेमका असाच दाखला आहे. कारखान्यात वर्षाला 500 मण नीळ निघते, अशी थाप मारून मालकाने कारखाना विकला, तर करार मोडण्याचा हक्क घेणाऱ्याला मिळतो. पुढचा दाखला उलट बाजूचा आहे. घेणाऱ्याने वह्या पाहिल्या, त्यांत 400 मणच दिसले, तरी कारखाना घेतला. मग त्याला तक्रारीला जागा उरत नाही, कारण तो मालकाच्या शब्दावर विसंबला नव्हता.

आणि वह्या उघडल्याच नसतील तर? कलम 19 चा अपवाद इथे लागतो. साध्या खबरदारीने खरं कळलं असतं, तर विक्रेत्याच्या अजाणता चुकीच्या विधानावरून किंवा कपटी मौनावरून करार मोडता येत नाही. पण त्याने जाणूनबुजून खोटं सांगितलं असेल, तर त्याला या अपवादाचा आडोसा मिळत नाही. हा फरक मला फार न्याय्य वाटतो.

‘मी खोटं बोललो नाही, फक्त बोललो नाही,’ हाही नेहमीचा बचाव. नुसतं मौन एरवी फसवणूक ठरत नाही हे खरं, पण माहिती दडवून ठेवणं ठरतं. 2008 मध्ये जपानच्या दाइची सांक्यो कंपनीने मालविंदर व शिविंदर सिंग बंधूंकडून रॅनबॅक्सीचे शेअर घेतले. औषधांच्या चाचण्यांची माहिती बनावट असल्याचं सांगणारा रॅनबॅक्सीचा अंतर्गत अहवाल दाइचीपासून लपवला गेला होता. ‘तपासलं असतं तर कळलं असतं,’ हा विक्रेत्यांचा युक्तिवाद सिंगापूरच्या लवादापुढे टिकला नाही. 2016 मध्ये लवादाने बहुमताने दिलेली भरपाई व्याज आणि खर्च धरून सुमारे 3,500 कोटी रुपयांवर गेली. 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, सिंग कुटुंबातली अज्ञान मुलं वगळता, तिच्या वसुलीला मान्यता दिली. व्यवहार मात्र उलटला नाही. रॅनबॅक्सी तोवर सन फार्मात विलीन झाली होती. फसवणूक सिद्ध झाली की सौदा आपोआप रद्द होतो, असं मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

फौजदारीतून सुटका म्हणजे दिवाणीतूनही सुटका, हेही चूक. ऑटोनॉमी या सॉफ्टवेअर कंपनीच्या विक्रीतल्या फसवणुकीबद्दल लंडनच्या उच्च न्यायालयाने 2022 मध्ये तिचे संस्थापक माइक लिंच यांच्याविरुद्ध निकाल दिला. 2024 मध्ये अमेरिकेतल्या ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडलं, तरी दिवाणी निकाल कायम राहिला.

भारतात करार रद्द करण्याचा दावा खरी गोष्ट कळल्यापासून 3 वर्षांत लावावा लागतो. कळूनही धंदा मुकाट चालवत राहिलात, तर तुम्ही करार स्वीकारला असं न्यायालय धरू शकतं. म्हणून संशय येताच वकिलामार्फत लेखी हरकत नोंदवा.