जुन्या मोटारीला मंडळ हवे काय?

हौसेला मोल नाही, असे आपण म्हणतो. पण हौसेची वर्गणी भरण्याची वेळ आली की हात खिशापाशी थबकतो. जुन्या मोटारींच्या मालकांचे क्लब आज मुंबईत, बंगळुरात, दिल्लीत आहेत. त्यांचे सभासद व्हावे की होऊ नये, हा प्रश्न सध्या आमच्या बेळगावच्या कॅम्पातील काही घरांपुढे आहे. एक पक्ष म्हणतो, पैसे भरून फोटो काढून घ्यायचे, यापलीकडे त्यात काय आहे? दुसरा म्हणतो, मंडळ नसेल तर आपल्या माघारी या गाड्या भंगारवाल्याच्या दारात जाणार. कोल्हापूर, सांगली, मिरज, जमखिंडी येथील जुन्या घरांनाही हा प्रश्न परका नसावा. तिथेही एखाद्या वाड्याच्या मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली आजोबांची गाडी उभी असेलच.

माझ्याकडे आहे ती काही राजेरजवाड्यांची गाडी नव्हे. प्रीमियर ऑटोमोबाईल्सने १९५४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट अकराशेची जी गाडी बांधायला घेतली, जिला मुंबईकरांनी प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ म्हटले, त्यातली ती एक. वडिलांनी ती १९५५ साली घेतली तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ती म्हैसूर राज्यात जागी झाली आणि १९७३ साली त्याच राज्याचे नाव कर्नाटक झाले. गाडी शेडमधून हलली नाही, पण कागदोपत्री तिने एवढा प्रवास केला! आता चिरंजीव पुण्याहून विचारतात, “बाबा, पुढं गाडीचं काय करायचं?” त्यांच्या प्रश्नात लोभ नाही, काळजी आहे, म्हणून तर उत्तर देणे अवघड जाते.

क्लबचा विचार करण्याआधी जुनी म्हणजे किती जुनी, हे ठरवून घेतलेले बरे. इंग्रजी शौकिनांच्या परिभाषेत १९१९ ते १९३० या काळातील गाडी ‘व्हिंटेज’. त्याआधीच्या त्या ‘व्हेटरन’ आणि ‘एडवर्डियन’. जगभरच्या जुन्या वाहनांच्या क्लबांची जी आंतरराष्ट्रीय संघटना १९६६ साली स्थापन झाली, ती ३० वर्षे पूर्ण झालेल्या, मूळ रूपात जपलेल्या आणि रोजच्या वापरात नसलेल्या वाहनाला ऐतिहासिक मानते. आपल्या केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये नियम केले. त्यांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली, चेसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल न केलेली गाडी ‘व्हिंटेज’ ठरते. म्हणजे लंडनच्या हिशेबाने माझी फियाट कालचे पोर आणि दिल्लीच्या हिशेबाने पणजी!

अशी मंडळे निघाली ती इंग्लंडात, आणि त्यांच्या मुळाशी एक रस्त्यावरची आठवण आहे. १८९६ साली तिथल्या कायद्याने मोटारीची वेगमर्यादा ताशी १४ मैलांपर्यंत वाढवली. त्या आनंदात त्या वर्षीच्या १४ नोव्हेंबरला मोटारवाले लंडनहून ब्रायटनला निघाले. १९२७ साली त्या प्रवासाची आठवण म्हणून जुन्या गाड्या पुन्हा त्याच रस्त्याने काढण्यात आल्या, आणि १९३० साली ‘व्हेटरन कार क्लब’ स्थापन झाला. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. आधी रस्ता ठरला, मग दिवस ठरला आणि शेवटी मंडळ झाले. आपल्याकडे मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन १९१९ ची. पण ती साऱ्याच मोटारवाल्यांची संस्था. जुन्या गाड्यांचे कौतुक म्हणून नियमाने होणारी रॅली दिल्लीत ‘स्टेट्समन’ या वृत्तपत्राने १९६४ साली सुरू केली. पुढे मुंबईत ‘व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया’ निघाला आणि प्राणलाल भोगीलाल यांच्यासारख्या संग्राहकामुळे या शौकाला देशात प्रतिष्ठा आली.

आता लाभाकडे पाहू. क्लबच्या शिक्क्याला सरकारदरबारी किंमत असते काय? काही ठिकाणी होती. २००२ च्या मोटार विमा दरपत्रकात ३१ डिसेंबर १९४० पूर्वी बनलेल्या आणि वर सांगितलेल्या मुंबईच्या क्लबने तसा दाखला दिलेल्या गाडीला स्वतःच्या नुकसानीच्या विमाहप्त्यात २५ टक्के सूट ठेवली होती. २००७ पासून या हप्त्याचे दर ठरवण्याची मोकळीक विमा कंपन्यांना मिळाली. माझी फियाट १९५५ ची असल्याने तिला त्या सवलतीचा उपयोग तेव्हाही नव्हता. पण मुद्दा सवलतीचा नाही. विमा कंपनीच्या लेखी जुनी गाडी म्हणजे घसाऱ्याने शून्यावर आलेला पत्रा. ती काय आहे आणि तिचे मोल किती, हे सांगणारा जाणता साक्षीदार लागतो. एकटा मालक बोलला तर तो हौशी ठरतो, मंडळ बोलले तर तो अभिप्राय होतो.

२०२१ च्या नियमांनी तर हा साक्षीदार अधिकच गरजेचा केला आहे. व्हिंटेज म्हणून नव्याने नोंद होणाऱ्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो; आधीच नोंद असलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक राखता येतो. नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे आणि पुनर्नोंदणीला ५,००० रुपये. मात्र अशी गाडी रोजच्या किंवा व्यापारी वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या गाड्यांची रॅली, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती, एवढ्याच कामांसाठी ती बाहेर निघायची.

आम्हा कॅम्पवासीयांना या अटींचे नवल वाटत नाही. इथले कितीतरी जुने बंगले ‘ओल्ड ग्रँट’वर आहेत, घर मालकाचे, पण जमीन सरकारची. भिंत हलवायची तरी कॅन्टोन्मेंट बोर्डाची परवानगी लागते. अशा अटींमुळे कुरकूर पुष्कळ झाली, पण उतरती कौले, रुंद व्हरांडे आणि अंगणातली झाडे शहरात इतरत्र गेली तशी इथून गेली नाहीत, हेही खरे. व्हिंटेज नोंदणीचे तसेच आहे. ती गाडीला संरक्षण देते आणि तिचे फिरणे आवळते. जिची साधी नोंदणी दर पाच वर्षांनी तपासणी करून चालू ठेवली आहे, तिच्या मालकाने घाईने त्या वर्गात शिरण्यापूर्वी शांतपणे विचार करावा. आणि एकदा शिरल्यावर ‘रॅली’ हा शब्द त्याच्यासाठी मौजेचा राहत नाही. गाडीला बाहेरची हवा मिळण्याचे ते एक मोठे निमित्त ठरते. मग रॅली भरवणारे मंडळ नको म्हणून कसे चालेल?

यापेक्षाही मोठी गोष्ट ज्ञानाची आहे. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. जुन्या इंजिनांच्या व्हॉल्वच्या बैठकांना त्या शिशाचा आधार असे. २०२५ सालापासून पंपावर मिळते ते पेट्रोल २० टक्के इथेनॉल मिसळलेले. इथेनॉल हवेतली ओल ओढते, उभ्या गाडीच्या टाकीला आतून गंज धरतो. जुन्या रबराच्या नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा यांना ते मानवत नाही. यावर कोणती नळी घालावी, गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत किती पेट्रोल ठेवावे, हे कंपनीच्या छापील पुस्तकात सापडणार नाही, कारण पुस्तक लिहिले तेव्हा असे पेट्रोलच नव्हते. ते कळते ज्याने सोसले आहे त्याच्याकडून. अशी माणसे एकमेकांना भेटण्याची जागा म्हणजे मंडळ.

आणि ज्ञान केवळ मालकांकडे नसते. आमचे मेस्त्री सत्तरी ओलांडलेले आहेत. कार्ब्युरेटरला कान लावून प्लग कुठला चुकतो आहे हे सांगतात. त्यांचे एकच सांगणे असते, “गाडी उभी करू नकासा, सायेब. फिरती ठेवा. उभी ऱ्हायली की मेली बघा.” मिळेनासा झालेला एखादा भाग बेळगावच्या उद्यमबागेत किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतून, कातून घेता येतो, ही आपल्या भागाची दौलत आहे, मुंबईच्या शौकिनालाही ती हेवा वाटावी अशी. पण लेथवर बसणाऱ्याला माप कोण देणार? मेस्त्रीच ना! त्यांच्या हाताखाली आज कुणी पोरगा नाही, कारण महिन्याला दोन जुन्या गाड्यांच्या कामावर पोराचे पोट भरत नाही. वीस गाड्यांचे मालक एकत्र आले तर कदाचित भरेल.

विरुद्ध बाजूही मांडली पाहिजे. मुंबई आणि बंगळूर दोन्ही आमच्यापासून सुमारे पाचशे किलोमीटर. तिथल्या सोहळ्याला फियाट ट्रकवर घालून न्यायची तर वर्षाच्या वर्गणीपेक्षा भाडेच जास्त. तिथे रोल्स रॉइस आणि पॅकार्ड पुढच्या रांगेत, आमच्यासारखे मागे. पंक्तिप्रपंच मोटारींच्या जगातही सुटलेला नाही. एका शहरातील क्लबच्या कार्यकर्त्याने माझ्या गाडीचे छायाचित्र पाहून, “आधी नव्याने रंग काढा, क्रोम चकाचक करा, मग या,” असे सुचवले होते. यात थोडी फसगत आहे. आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१३ साली अंगीकारलेली ट्यूरिनची सनद नेमके उलटे सांगते: जे मूळचे टिकले आहे ते आधी जपावे, नवे करण्याचा हव्यास धरू नये. वडिलांच्या कोपराने झिजलेली दाराची कड घासूनपुसून नवी केली, तर बक्षीस मिळेल, पण वडील जातील.

मग जुनी गाडी खरोखर टिकते कशाने? उत्तर कोल्हापूरकरांच्या डोळ्यांसमोर आहे. राजाराम महाराजांच्या काळातील मेबॅक गाडी दसऱ्याला छत्रपती घराण्याला घेऊन दसरा चौकात येते आणि लोक ती पाहायला गर्दी करतात. ती गाडी राजाची म्हणून टिकली, असे आपण समजतो. पण राजांच्या गाड्या पुष्कळ होत्या. आज त्यातल्या किती जागेवर आहेत? मेबॅक टिकली, कारण तिला नेमाचा दिवस आहे. दसरा जवळ आला की तिची बॅटरी पाहावीच लागते, चाकांत हवा भरावीच लागते. देवळाच्या रथाचेही तसेच. जत्रा नसती तर रथाच्या आसाला तेल कोण घालत बसले असते? उलट, जी गाडी घरोघरी होती, जिच्याशिवाय मुंबईचा रस्ता मनात येत नसे, ती पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुदत संपताच रस्त्यावरून नाहीशी झाली. लाखो लोक तिच्यात बसले, पण तिच्यासाठी नेमाचा दिवस कुणी ठेवला नव्हता.

म्हणून माझे मत असे. मंडळाचे सभासद जरूर व्हावे, पण पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. वर्षातून किती वेळा गाड्या स्वतःच्या चाकांवर निघतात? गाडीच्या कागदांना आणि इतिहासाला मंडळ लेखी साक्ष देते काय? आणि तिथे मेस्त्रीला खुर्ची आहे, की तो फक्त बोनेट उघडायला बोलावला जातो? तिन्हींची उत्तरे नीट आली तर वर्गणी महाग नाही. नाही आली, तर ते मंडळ गाडीचे नव्हे, मालकाच्या मिशीचे आहे असे समजावे आणि नमस्कार करून परत यावे.

दूरच्या मोठ्या क्लबचा कागद घ्यावा आणि जवळ चार घरांनी मिळून दिवस ठरवावा, हा मध्यममार्ग मला आमच्या भागाला मानवेल असा वाटतो. बेळगाव, निपाणी आणि कोल्हापूर यांच्यामध्ये पुरी दीडशे किलोमीटरचीही वाट नाही. जिच्या नोंदणीला मोकळीक आहे तिने दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी निघावे, जिला नाही तिने रीतसर ठरवलेल्या रॅलीच्या दिवशी. चिरंजिवांना मी तेच कळवले आहे: गाडीचे काय करायचे ते नंतर ठरव, आधी येत्या दुसऱ्या रविवारी ये. सकाळी सात वाजता निघायचे. निपाणीपर्यंत मी चालवीन, तवंदी घाट परतताना तू चढवायचास, आणि शेजारच्या सीटवर मेस्त्री बसतील.