मेजर ॲटलींचा गुरुवार

सकाळी १०. लंडन, २६ जुलै १९४५. संसदेच्या निवडणुकीचं मतदान ५ तारखेलाच झालं, पण परदेशातल्या सैनिकांची मतं पोचायची होती, म्हणून मोजणी आज. टेबलांवर पेट्या रित्या होतात. घड्या उलगडायच्या, गठ्ठे लावायचे, सगळं हातानं. मजूर पक्षाचे नेते क्लेमंट ॲटली कालच पॉट्सडॅमच्या परिषदेहून परतलेत. तोंडात पाइप.

दुपार. लाइमहाउस मतदारसंघानं त्यांना पुन्हा निवडून दिलं. देणारच. १९०६ मध्ये बॅरिस्टर झाले, पण कोर्टापेक्षा इथल्या गल्ल्यांतच जास्त रमले. जवळच स्टेपनीत पोरांचा क्लब चालवायचे. वर्षाला ५० पौंड आणि राहायला जागा. आजूबाजूला गोदी कामगार. रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं. मुकादमानं निवडलं तर अर्ध्या दिवसाचं काम, नाहीतर रिकाम्या हातानं घरी. तासाला ६ पेनी मिळावेत म्हणून १८८९ मध्ये याच लोकांनी मोठा संप केला होता. वकिलाचं खरं शिक्षण इथं झालं, असं मला वाटतं.

मग पहिलं महायुद्ध. गॅलिपोलीत सुव्हलाचा किनारा सोडताना शेवटून दुसरे तेच निघाले. १९१६ मध्ये इराकमधल्या कुतला आपली पुणे डिव्हिजन वेढ्यात अडकली होती. तिच्या सुटकेसाठी निघालेल्या फौजेत ते जखमी झाले. मराठा पलटणीही त्याच वेढ्यात होत्या.

४ वाजता. पक्षाचं कार्यालय. मजूर पक्ष ३९३ जागांकडे चाललाय. पक्षातले सहकारी मॉरिसन म्हणतात, आधी खासदारांनी नेता निवडावा. दुसरे सहकारी बेव्हिन म्हणतात, क्लेम, तू सरळ राजवाड्यावर जा. ॲटली वाद घालत नाहीत. बायको-मुलांबरोबर चहा घ्यायला जातात.

७ वाजता. पंतप्रधान चर्चिल राजीनामा देतात.

साडेसात. राजवाड्याच्या आवारात घरची छोटी गाडी शिरते. चालवतायत पत्नी व्हायोलेट. पेट्रोल अजून रेशनवर. खासदाराला वर्षाला ६०० पौंड, म्हणजे तेव्हाचे आपले ८,००० रुपये. पंतप्रधानाला १०,००० पौंड. राजे सहावे जॉर्ज विचारतात, परराष्ट्र खातं कुणाकडे? ॲटलींच्या मनात पक्षातलेच डाल्टन आहेत. राजे बेव्हिनचं नाव सुचवतात.

रात्री. सेंट्रल हॉलमध्ये सभा, टाळ्या. खातं डाल्टनना की बेव्हिनना, हे उद्याच ठरवायला हवं. शनिवारी पॉट्सडॅमला परत जायचंय.